काहीच न करण्याचा पुरावा

ह्यूस्टनमधल्या एका रुग्णालयात १९९५ ते १९९८ या काळात गुडघ्याची काही ऑपरेशनं अगदी बेमालूम खोटी झाली. पेशंट थिएटरात आला की सर्जनच्या हातात एक बंद पाकीट दिलं जायचं. आत तीनपैकी एक सूचना असायची: दुर्बिणीतून गुडघा नुसता धुवायचा, धुऊन आतला झिजलेला, फाटलेला भाग खरवडून साफ करायचा, किंवा यातलं काहीच करायचं नाही.

'काहीच नाही' निघालं की खरी कसोटी लागायची. गुडघा स्वच्छ करून, निर्जंतुक कापडं पसरून त्वचेवर एकेक सेंटिमीटरचे तीन छेद घेतले जायचे. मग सर्जन एकेक हत्यार मागायचा, पाय वाकवायचा, वळवायचा, खऱ्या ऑपरेशनात करतात तसं सगळं करायचा. आत पाणी सोडल्याचा आवाज यावा म्हणून सलाईन उडवलं जायचं. छेदांतून आत मात्र काहीही जायचं नाही. खऱ्या ऑपरेशनाला लागतो तेवढा वेळ पेशंटला थिएटरातच ठेवायचं, टाके घालायचे आणि वॉर्डात पाठवायचं. रात्री त्याची काळजी घेणाऱ्या नर्सलाही ठाऊक नसायचं की या पायावर नेमकं काय झालंय.

एकूण १८० पेशंट होते. दोन वर्षं त्यांचं दुखणं, चालणं, जिने चढणं मोजलं गेलं. निकाल २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. धुतलेला गुडघा, साफ केलेला गुडघा आणि नुसता वरून टोचलेला गुडघा, तिघांत फरक नव्हता. त्या काळी एकट्या अमेरिकेत या प्रकारची साडेसहा लाखांहून जास्त ऑपरेशनं दरवर्षी होत होती.

या प्रयोगाबद्दल लिहिताना बहुतेक लोक सर्जनच्या अभिनयावरच थांबतात. मला मात्र त्या पेशंटांचं जास्त कौतुक वाटतं. भाग घेण्याआधी प्रत्येकाला स्वतःच्या हातानं लिहून द्यावं लागे की मला कदाचित खोटी शस्त्रक्रिया मिळेल, म्हणजे माझ्या सांध्यावर काहीही केलं जाणार नाही, आणि त्यानं माझ्या संधिवाताला फायदा होणार नाही. ३२४ जणांना विचारलं, १४४ जणांनी नको म्हटलं. उरलेल्या १८० जणांनी, दुखरा गुडघा घेऊन, हे वाक्य लिहिलं. औषधांच्या जाहिरातीत ज्यांचे फोटो छापतात त्यांच्यापेक्षा या मंडळींचं वैद्यकशास्त्रावर जास्त ऋण आहे.

मी फॅमिली डॉक्टर आहे. कापाकापी माझ्या वाट्याची नाही. माझं काम ऐकायचं, तपासायचं, गोळ्या लिहायच्या आणि गरज पडली तर पुढे पाठवायचं. रात्री झोपण्याआधी नवीन संशोधन वाचायची सवय मात्र जुनी आहे. इतकी वर्षं वाचत आल्यावर एक गोष्ट लक्षात आली. नव्या औषधांच्या, नव्या यंत्रांच्या बातम्या वाचून मी मान डोलावतो आणि पुढे जातो. 'हे केलं नाही तरी चालतं' किंवा 'हे करूच नका' असं सांगणारा शोधनिबंध मिळाला की उठून बसतो. असे निबंध बरेच आहेत, दरवर्षी वाढतायत, आणि त्यांच्या बातम्या फारशा होत नाहीत.

पुन्हा गुडघ्याकडे येतो. दवाखान्यात पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ येतात, काखेत एमआरआयचं भलंमोठं पाकीट. बसायच्या आधीच सांगतात, "डॉक्टर, गादी फाटलीय." गादी म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची चकती, मेनिस्कस. रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलं असतंच. आता फाटलंय म्हटल्यावर शिवायला नको? किंवा निदान फाटका तुकडा काढायला नको? चित्रात दिसणाऱ्या गोष्टीशी वाद घालणं अवघड असतं. मी त्यांना २००८ सालचा एक अभ्यास सांगतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ९९१ सर्वसाधारण लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले. सगळे ५० ते ९० वयाचे, आणि गुडघा दुखतो म्हणून निवडलेले नव्हेत. ज्यांची गादी फाटलेली सापडली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याचं दुखणं, ठणका किंवा आखडणं यांपैकी काहीही नव्हतं. म्हणजे केस पिकावेत तशी गादीही वयानुसार विरते, आणि दुखण्याचं कारण तीच असेल असं नाही.

"पण माझं दुखतंय ना!" दुखतंय. शंकाच नाही. प्रश्न एवढाच की तो तुकडा काढल्यानं थांबेल का. फिनलंडमधल्या सर्जननी हाच प्रश्न घेऊन १४६ जणांवर ह्यूस्टनसारखीच चाचणी केली; झिजेमुळे गादी फाटलेले, पण सांध्याचा संधिवात नसलेले लोक निवडले. २०१३ साली निकाल आला. वर्षभरानंतर दोन्ही गट बरेच सुधारले होते. खरं ऑपरेशन झालेले आणि खोटं झालेले, जवळपास सारखेच.

दोन्ही गट सुधारले, हे वाचून पुढे जाऊ नये. सगळी गोम तिथे आहे. माणूस डॉक्टरकडे कधी येतो? दुखणं अगदी असह्य झालं की. दुखण्याला चढउतार असतात, आणि चढ संपला की उतार येणारच असतो. त्या चढावर तुम्ही इंजेक्शन द्या, ऑपरेशन करा, अंगारा लावा, पुढच्या काही आठवड्यांत बरं वाटण्याची शक्यता दांडगी असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. आणि आमच्या धंद्यात कावळ्यांची कमतरता नाही. वीस वर्षं ऑपरेशनं करणारा प्रामाणिक सर्जन शपथेवर सांगेल की माझे दहातले आठ पेशंट बरे होतात, आणि तो खोटं बोलत नसतो. ऑपरेशन न करता त्यांतले किती बरे झाले असते, हे त्याला दिसायची सोय नसते, एवढंच. ती सोय फक्त बाजूला उभ्या केलेल्या दुसऱ्या गटात असते.

हृदयाच्या बाबतीत हे नाटक त्याही आधी होऊन गेलं होतं. छातीच्या आतल्या बाजूनं जाणाऱ्या एका धमनीला गाठ मारली की हृदयाला जास्त रक्त मिळतं, अशा समजुतीनं १९५०च्या दशकात अंजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याच्या) पेशंटांवर ऑपरेशनं होत होती, आणि पेशंट खूशही होते. १९५९ साली सतरा पेशंटांवर तुलना केली: काहींची धमनी बांधली, काहींची फक्त त्वचा कापून शिवली. दोन्हीकडे सारखाच आराम. ते ऑपरेशन लवकरच इतिहासजमा झालं. मात्र त्या पेशंटांना खोट्या ऑपरेशनची कल्पना दिली नव्हती. आज कोणतीही नीतिसमिती असल्या अभ्यासाला दारातही उभं करणार नाही, आणि ते योग्यच आहे.

स्टेंटची, म्हणजे अरुंद धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीची, गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची, म्हणून मला जास्त आवडते. हृदयविकाराचा झटका चालू असताना अँजिओप्लास्टी जीव वाचवते, त्यात वाद नाही. प्रश्न होता तो स्थिर अंजायनाचा: चालल्यावर छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं, आणि अँजिओग्राफीत एक अडथळा दिसतो. नळ तुंबलाय, तर मोकळा करा. यात शंका घ्यायला जागा कुठे? लंडनच्या डॉ. रशा अल-लामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेतली. ऑर्बिटा या चाचणीत २०० पेशंट होते. सगळ्यांना आधी सहा आठवडे औषधं नीट बसवून दिली. मग सगळ्यांना कॅथलॅबमध्ये नेलं, कानांवर हेडफोन लावून संगीत चालू केलं, गुंगीचं औषध दिलं. निम्म्यांना स्टेंट बसवला, निम्म्यांना नाही. पण टेबलावर पंधरा मिनिटं तरी त्यांनाही ठेवलं. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालवलं तर दोन गटांतला फरक होता साधारण १६ सेकंदांचा, संख्याशास्त्राच्या दृष्टीनं नगण्य.

२०१७ साली हा निकाल आला तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांच्या जगात जो काही गदारोळ उडाला! काहींनी स्टेंटला मूठमाती दिली, काहींनी संशोधकांना धारेवर धरलं. त्याच गटानं मग पुढचा प्रश्न विचारला. औषधं जवळजवळ पुरती बंद ठेवली तर? ऑर्बिटा-२ मध्ये ३०१ पेशंट होते, निकाल २०२३चा. या वेळी स्टेंट जिंकला: अंजायना स्पष्टपणे कमी झाला, चालण्याची क्षमता वाढली. म्हणजे स्टेंट काहीतरी करतो हे सिद्ध झालं, आणि चांगली औषधं चालू असताना त्याची वेगळी भर फार मोठी नसते हेही. एकाच हातानं आधी कान उपटावेत आणि नंतर त्याच हातानं पाठ थोपटावी, असं संशोधनात फार कमी वेळा पाहायला मिळतं. ज्यांना आपलंच म्हणणं रेटायचं असतं ते दुसरी चाचणी करायलाच जात नाहीत.

आतापर्यंतचे दाखले तसे सोपे. उपचार निरुपयोगी होता, पण फारसा घातक नव्हता. आता घातक असलेल्यांकडे वळतो.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या हृदयात मधेच जादा ठोके पडत असतील, तर त्याच्या अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. जादा ठोके बंद करणारी औषधं आहेत. तेव्हा औषध द्या, ठोके थांबवा, जीव वाचवा. १९८०च्या दशकात असंख्य डॉक्टर हेच करत होते, आणि ईसीजीवर ठोके खरोखरच नाहीसे होत होते. कास्ट नावाच्या चाचणीत एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड या दोन औषधांची प्लासिबोशी (औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीशी) तुलना झाली. औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, प्लासिबो घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. ठोके थांबले होते. माणसंही. चाचणीचा हा भाग १९८९ साली मधेच थांबवावा लागला. प्लासिबो द्यायला 'अनैतिक' म्हणणारे तेव्हाही होते. साखरेची गोळी घेणारेच भाग्यवान निघतील हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

त्याहून मला आतून हलवून गेली ती फीस्ट चाचणी. केनिया, युगांडा आणि टांझानियातली रुग्णालयं. तापानं फणफणलेलं लहान मूल, हातपाय गार, नाडी पुसट, श्वास लागलेला, शुद्ध हरपत चाललेली. यात मलेरिया असतो, जंतुसंसर्ग असतो, अनेकदा दोन्ही. पुस्तकात उपचार ठरलेला: शिरेतून भराभर सलाईन द्या, रक्ताभिसरण वर काढा. श्रीमंत देशांतल्या अतिदक्षता विभागांत हा पहिल्या तासाचा धडा आहे. पण ज्या रुग्णालयांत व्हेंटिलेटर नाहीत, तिथल्या मुलांवर याची कधी तुलना करून पाहिलेली नव्हती. डॉ. कॅथरिन मेटलँड यांच्या गटानं ती केली. काही मुलांना भराभर सलाईन, काहींना भराभर अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचं द्रावण), काहींना फक्त संथ, रोजच्या गरजेपुरता द्रव. बाकी उपचार सगळ्यांना सारखे. जुलाब-उलट्यांनी सुकलेली मुलं यात घेतली नव्हती, कारण त्यांना पाणी लागतंच. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर कुणी भलताच अर्थ काढेल.

देखरेख समितीनं २०११ साली चाचणी वेळेआधीच थांबवली. तोवर ३,१४१ मुलं झाली होती. ४८ तासांत भराभर द्रव दिलेल्या दोन्ही गटांतली १०.६ आणि १०.५ टक्के मुलं गेली, संथ दिलेल्यांतली ७.३ टक्के. दर शंभर मुलांमागे तीन जास्त, आणि तीही वाचवण्याच्या धडपडीत. गंमत, किंवा गंमत म्हणायला जीभ रेटत नाही पण, अशी की द्रव दिल्यावर पहिल्या तासात मुलं सुधारल्यासारखी दिसत होती. खाटेजवळ उभ्या डॉक्टरला डोळ्यांनी दिसणारा अनुभव 'उपचार लागू पडतोय' असंच सांगत होता.

निकालावर टीका पुष्कळ झाली. मुलं वेगळी होती, मलेरिया होता, रक्त कमी होतं, आमच्याकडे असं होत नाही. टीका करावीच. पण तोवर जो उपचार द्यायचा म्हणून द्यायचा, त्याच्या बाजूचा पुरावा किती तोकडा होता याची चर्चा तेवढ्या हिरिरीनं झाली नाही. चालत आलेल्या गोष्टीकडे आपण जन्मदाखला मागत नाही; नव्यानं आलेल्या शंकेला मात्र सात पिढ्यांचा विचारतो.

सर्जरीच्या इतिहासात माघार कशी घ्यावी याचा उत्तम नमुना म्हणजे स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया. विल्यम हॉल्स्टेड यांनी १९व्या शतकाच्या शेवटी रूढ केलेल्या ऑपरेशनात स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकागाठी सगळं एकत्र काढलं जाई. विचार असा की कर्करोग जागेवरून हळूहळू पसरतो, तेव्हा जितकं खोल आणि रुंद कापाल तितकं उत्तम. छाती खपाटीला जायची, हात सुजून जड व्हायचा, खांदा वर जायचा नाही. पाऊणशे वर्षं हे चाललं. पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांना वाटत होतं की गाठ हाताला लागेपर्यंत रोगाच्या पेशी रक्तातून कुठेही गेलेल्या असू शकतात. मग जागेवर जास्त कापून काय साधणार? त्यांनी १९७०च्या दशकात तुलनात्मक चाचण्या उभ्या केल्या. सर्जन पेशंट पाठवायला तयार नव्हते. आयुष्यभर ज्या ऑपरेशनवर हात बसवला, ते चिठ्ठी टाकून ठरवायचं? वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे आकडे २००२ साली आले. १,८५१ स्त्रिया. संपूर्ण स्तन काढलेल्या, फक्त गाठ काढलेल्या, आणि गाठ काढून किरणोपचार घेतलेल्या, तिन्ही गटांतलं जगण्याचं प्रमाण सारखं होतं.

तिथून पुढे ही माघार थांबलेलीच नाही. आधी काखेतल्या सगळ्या गाठी काढणं कमी झालं, पहिली एखाद-दुसरी गाठ तपासून भागू लागलं. मग त्या पहिल्या गाठीत थोडा रोग सापडला तरी बाकीच्या गाठी काढल्याच पाहिजेत असं नाही, हे कळलं. २०२४ साली जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या इनसेमा चाचणीनं दाखवलं की स्तनातली गाठ लहान, काखेत काहीही लागत नाही, स्तन वाचवणारं ऑपरेशन होणार आहे, अशा निवडक स्त्रियांत काखेला हातच लावला नाही तरी पाच वर्षांचा निकाल सारखा राहतो. प्राइम-२ या चाचणीनं ६५ वर्षांपुढच्या, कमी धोक्याच्या स्त्रियांना किरणोपचार न देऊन पाहिले: दहा वर्षांत त्याच जागी रोग उलटण्याचं प्रमाण किरणोपचार घेतलेल्यांत ०.९ टक्के, न घेतलेल्यांत ९.५ टक्के. जगण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे ८१ टक्क्यांच्या जवळपास. आता यातून काय निवडायचं? एखादी म्हणेल, मला दहातला एक धोकाही नको. दुसरी म्हणेल, आठवडेच्या आठवडे रुग्णालयाच्या खेपा कोण घालणार. दोघीही बरोबर. इथे शास्त्राचं काम संपलेलं असतं. उरलेलं काम आकडे नीट समजावून सांगण्याचं, आणि ते बहुतेक वेळा घाईत उरकलं जातं.

अँटिबायोटिकचा कोर्स किती दिवसांचा, हाही असाच अंगवळणी पडलेला प्रकार. सात, चौदा, एकवीस. जंतू पंचांग बघून मरत नाहीत, तरी आम्ही आठवड्यांच्या पाढ्यानं लिहीत आलो. रक्तात जंतू शिरलेल्या ३,६०८ पेशंटांवर सात देशांत झालेल्या बॅलन्स चाचणीत सात दिवस विरुद्ध चौदा दिवस अशी तुलना झाली. ९० दिवसांतले मृत्यू सात दिवसवाल्यांत १४.५ टक्के, चौदा दिवसवाल्यांत १६.१. काही विशिष्ट जंतू आणि काही विशिष्ट पेशंट यातून वगळलेले होते, तेव्हा हे वाचून कुणी आपला चालू कोर्स मधेच तोडू नये. पण निम्म्या औषधात काम भागत असेल तर ती बचत नुसती पैशांची राहत नाही. दाद न देणारे जंतू तयार व्हायलाही तेवढाच वाव कमी मिळतो.

'थांबा' न म्हणण्याची सगळ्यांत मोठी किंमत सार्वजनिक आरोग्यात चुकवावी लागते, कारण तिथे एक सल्ला लाखो घरांत जातो. तान्ह्या बाळाला पालथं झोपवावं, म्हणजे उलटी झाली तर घशात अडकणार नाही, असं पाश्चात्त्य देशांत कित्येक दशकं सांगितलं जाई. पटण्यासारखंच आहे. पुढे लक्षात आलं की पालथी झोपणारी बाळं झोपेतल्या अचानक मृत्यूला जास्त बळी पडतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटन आणि अमेरिकेत 'बाळाला उताणं झोपवा' अशा मोहिमा निघाल्या आणि हे मृत्यू निम्म्याहून खाली आले. २००५ साली काही संशोधकांनी जुना सगळा पुरावा काळानुसार लावून पाहिला. तेव्हा दिसलं की १९७० सालापर्यंत जे प्रसिद्ध झालं होतं ते कुणी एकत्र करून वाचलं असतं, तर धोका तेव्हाच कळला असता. हुकलेल्या वीस वर्षांत युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया मिळून निदान ५०,००० बाळं वाचू शकली असती, असा त्यांचा अंदाज. नवा प्रयोग करायचीही गरज नव्हती.

एवढं वाचून कुणाला वाटेल की हा डॉक्टर उपचारांवरच उठलाय. तसं मुळीच नाही. एखादी अगदी साधी गोष्ट करण्याच्या बाजूनं भक्कम पुरावा येतो तेव्हा मला होणारा आनंद वेगळाच असतो. बाळंतपणानंतर किती रक्त गेलं हे सुईण किंवा डॉक्टर पिढ्यान्पिढ्या नजरेनं ठरवत आले, आणि नजर जवळजवळ नेहमीच कमी सांगते. ई-मोटिव्ह चाचणीत बाळंतिणीच्या खाली प्लास्टिकची एक चादर लावली. तिला खाली पिशवीसारखा खोलगट भाग, त्यात रक्त जमतं, आणि त्यावर मापाच्या रेषा छापलेल्या. रक्त ठरलेल्या रेषेला टेकलं की विचार करत बसायचं नाही: गर्भाशय चोळायचं, ते आवळणारं औषध, रक्त गोठायला मदत करणारं ट्रानेक्सामिक अॅसिड, शिरेतून द्रव, आणि तपासणी, सगळं एकदम सुरू. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं, २,१०,१३२ बाळंतपणं. २०२३चा निकाल: अतिरक्तस्राव ओळखला जाण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर, आणि एक लिटरच्या वर रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यामुळे मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांऐवजी १.६ टक्के. यातलं एकही औषध नवीन नव्हतं.

करोनाच्या साथीतही हेच दिसलं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं २०२० साली एकाच मांडवाखाली अनेक औषधं तोलली. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आणले. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. आणि जगभर ज्याच्यासाठी दुकानं रिकामी झाली होती ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विन काहीच करत नव्हतं. साथ पेटलेली असताना चिठ्ठ्या टाकून गट पाडणं कित्येकांना निर्दयपणाचं वाटत होतं. चिठ्ठ्या न टाकता वाट्टेल ते देणं मात्र कुणाला तसं वाटलं नाही.

एवढा पुरावा असूनही थांबणं जड का जातं? काही कारणं उघड आहेत. नव्या औषधामागे कंपनी असते, औषध बंद करण्यामागे कुणी नसतं. ऑपरेशनाचं बिल होतं, ऑपरेशन न करता अर्धा तास समजावून सांगण्याचं होत नाही. पण सगळं खापर पैशावर फोडून मोकळं होता येत नाही. समोर माणूस कळवळतोय आणि आपण हातावर हात ठेवून बसलोय, हे मुळातच सोसत नाही. उपचार करून पेशंट बिघडला तर 'आम्ही सगळे प्रयत्न केले' म्हणता येतं. न करता बिघडला तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. नातेवाईकही हाच हिशेब मांडतात. मी कुणाला सर्दी-खोकल्यावर अँटिबायोटिक न देता पाठवलं, तर संध्याकाळी त्याला ते दुसऱ्या कुठून तरी मिळालेलं असतं, आणि चार दिवसांनी बरं वाटलं की श्रेयही तिकडेच जातं.

आणि थांबायचं ठरवलं तरी तो प्रश्न वाटतो तितका सरळ नसतो. बीटा-ब्लॉकरचंच, म्हणजे हृदयाचे ठोके संथ करणाऱ्या औषधाचंच बघा. झटका येऊन गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हे औषध गेली कित्येक दशकं दिलं जातं. ज्या काळात त्याचा फायदा सिद्ध झाला, तेव्हा स्टेंट नव्हते, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन नव्हती. आज झटका आला तर बऱ्याचदा धमनी काही तासांत उघडते, हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते) चांगलं राहतं. मग त्यांनाही लागतं का? २०२४ साली मुख्यतः स्वीडनमध्ये झालेल्या ५,०२० पेशंटांच्या चाचणीनं सांगितलं, पंपिंग नॉर्मल असेल तर फायदा दिसत नाही. २०२५ साली दोन मोठ्या चाचण्या एकाच संमेलनात जाहीर झाल्या. स्पेन-इटलीची म्हणाली, उपयोग नाही. नॉर्वे-डेन्मार्कची म्हणाली, थोडा आहे. सगळ्यांचे आकडे एकत्र केल्यावर चित्र साधारण असं निघालं: पंपिंग किंचित कमी, ४० ते ४९ टक्क्यांच्या पट्ट्यात असेल तर औषध कामाचं, ५० किंवा जास्त असेल तर फायदा दिसत नाही.

हे झालं नव्यानं सुरू करण्याबद्दल. जे पेशंट वर्षानुवर्षं घेतायत त्यांचं काय? फ्रान्समधल्या ॲबिस चाचणीत ३,६९८ जणांपैकी निम्म्यांचं औषध बंद केलं. मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा हृदयासाठी रुग्णालयात भरती, यांपैकी काहीतरी होण्याचं प्रमाण बंद केलेल्यांत २३.८ टक्के, चालू ठेवलेल्यांत २१.१. फरक मुख्यतः भरती होण्यातला. म्हणजे जे सुरू करायची गरज कदाचित नव्हती, ते बंद करणंही निर्धोक आहे असं म्हणता येईना.

माझ्याकडे एक काका येतात, सत्तरीचे, झटका येऊन बरीच वर्षं झालेली, इको उत्तम. कुठेतरी वाचून आले होते. खिशातून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टर, ही म्हणे आता लागत नाही?"

मी त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या. नव्या पेशंटांबद्दल काय कळलंय, जुन्यांचं बंद केल्यावर काय झालं. ते शांतपणे ऐकत होते; निवृत्त हिशेबनीस, आकड्यांना घाबरत नाहीत. गोळीनं काही त्रास होतो का विचारलं. थकवा येतो म्हणाले, पण तो गोळीचा की वयाचा कुणी सांगावं. नाडी ५२ होती.

"म्हणजे घ्यायची की नाही?"

"एकदम बंद नाही करायची, ते मात्र नक्की. डोस आधी निम्मा करू. तीन आठवडे बीपी आणि नाडी लिहून ठेवा, छातीत दुखलं किंवा धडधडलं तर तसेच उठून या. मग थकव्याचं काय होतं ते बघू."

"आणि थकवा गेला, तर तो गोळीमुळेच होता असं समजायचं?"

"तसंही नाही," मी म्हटलं. काका खो खो हसले आणि वहीसाठी कोरा कागद मागून त्यावर तिथेच रकाने आखायला लागले.